गाठीच्या रक्तवाहिन्या आणि केमो: औषध शिरेत गेलं, पण गाठीत पोचलं का?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

केमोचा विषय निघाला की औषध कोणतं, मात्रा किती आणि सायकल किती, यावरच गाडी थांबते. पोर्टमधून किंवा हाताच्या शिरेतून गेलेलं औषध गाठीतल्या आतल्या पेशीपर्यंत पोचतं का, हे विचारायचं राहून जातं. बऱ्याच घन गाठींत ते पुरेसं पोचत नाही. औषध कमजोर असतं असं नाही, त्याची वाट खराब असते. त्या वाटेबद्दल इथे नीट बोलू या.

औषधाला तीन टप्पे पार करावे लागतात. आधी रक्ताबरोबर गाठीच्या वाहिनीत शिरायचं, मग वाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडायचं आणि शेवटी पेशींच्या मधल्या जागेतून पुढे सरकायचं.

पहिला टप्पा रक्तप्रवाहाचा. निरोगी ऊतीत धमनी, तिच्या बारीक शाखा, केशवाहिन्या आणि मग शिरा असा सरळ क्रम असतो, आणि जवळपास प्रत्येक पेशी केशवाहिनीपासून थोड्याच अंतरावर असते. गाठीत हा क्रम विस्कटतो. वाहिन्या वेड्यावाकड्या वळतात, मध्येच फुगतात, आंधळ्या गल्लीसारख्या संपतात, काही तर धमनीकडून थेट शिरेला जुळतात. त्यामुळे एका भागात रक्त धावतं आणि शेजारच्या भागात ते साचून राहतं. आज चालू असलेली वाहिनी काही तासांनी बंद असू शकते.

दुसरा टप्पा भिंतीचा. वाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींना बाहेरून पेरिसाइट नावाच्या पेशी धरून ठेवतात. गाठीत व्हीईजीएफ हे नव्या वाहिन्या उगवायला लावणारं प्रथिन भरमसाट तयार होतं, अस्तराच्या पेशी एकमेकींपासून सुटतात, पेरिसाइट सैल पडतात आणि भिंत गळू लागते. ती गळते म्हणजे औषध सहज बाहेर पडेल, असं वाटतं. होतं उलटंच. गळलेलं पाणी आणि प्रथिनं वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्या गाठीच्या आत नीट काम करत नाहीत, म्हणून गळालेलं तिथेच तुंबतं. निरोगी ऊतीत पेशींमधल्या द्रवाचा दाब शून्याच्या आसपास असतो, पुष्कळ गाठींत तो १० ते ४० मिमी पारा इतका चढतो. म्हणजे जवळजवळ केशवाहिनीच्या आतल्या दाबाइतका. आत-बाहेर दाब सारखा झाला की द्रवाबरोबर औषध बाहेर ढकलणारा जोरच उरत नाही. ठिबकची नळी सुरुवातीलाच ठिकठिकाणी फाटली की शेवटच्या झाडापर्यंत दाब उरत नाही, तसा हा प्रकार आहे.

वर हा दाब गाठीच्या आत सगळीकडे साधारण एकसारखा असतो आणि कडेला एकदम उतरतो. त्यामुळे द्रव कडेकडून बाहेरच्या निरोगी ऊतीत झिरपत राहतो आणि आलेलं औषधही सोबत नेतो.

तिसरा टप्पा अंतराचा. प्राणवायू वाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) पोचतो. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध त्याहून आधीच अडखळतं: उंदरांच्या गाठींत त्याचं प्रमाण वाहिनीपासून ४०-५० मायक्रॉनवरच निम्मं झालेलं दिसलं. पेशीचा व्यास १० ते २० मायक्रॉन धरला तर ही तीन-चार पेशींची रांग झाली. त्यापलीकडच्या पेशी प्राणवायूअभावी हळू विभागतात, म्हणून विभागणाऱ्या पेशींना मारणारी औषधं त्यांच्यावर तशीही कमीच चालतात. कमी औषध आणि कमी परिणाम, दोन्ही एकाच जागी.

अबोली

छान मांडलंय. पण इथेच एक विसंगती खटकते. ज्युडा फोकमन यांनी १९७१ साली मांडलेली कल्पना अशी की गाठीला नव्या रक्तवाहिन्या मिळू दिल्या नाहीत तर ती वाढू शकणार नाही. पुढे व्हीईजीएफ अडवणारं बेव्हासिझुमॅब (अव्हास्टिन) आलं आणि २००४ साली अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी त्याला मंजुरी मिळाली. मात्र त्या आजारात ते एकट्यानं फारसं चालत नाही, केमोसोबतच चालतं. ज्या चाचणीवर मंजुरी मिळाली तिच्यात ८१३ रुग्ण होते, आणि केमोला बेव्हासिझुमॅबची जोड मिळाल्यावर मध्यक आयुर्मान १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेलं.

मग सांगा, वाहिन्या कापायच्या असतील तर केमो पोचणार कुठून? रस्ता तोडायचा आणि गाडीही त्याच रस्त्यानं न्यायची, हे जमतं कसं?

निळा_शंख

अबोली, तुमच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा पहिला मोठा प्रयत्न राकेश जैन यांचा. जन्म उत्तर प्रदेशातल्या ललितपूरचा, शिक्षण आयआयटी कानपूरमध्ये रासायनिक अभियांत्रिकीचं, पुढे हार्वर्डमध्ये संशोधन. प्रवाह, दाब, गळती ही अभियंत्याची भाषा त्यांनी गाठीला लावली. २००१ साली त्यांनी असं मांडलं की व्हीईजीएफ मोजक्या प्रमाणात अडवलं तर वाहिन्या लगेच मरत नाहीत, आधी काही काळ सुधारतात. बिनकामाच्या, कच्च्या वाहिन्या गळून पडतात. उरलेल्यांना पेरिसाइट पुन्हा चिकटतात, भिंत घट्ट होते, गळती आणि दाब उतरतो, प्रवाह एकसारखा होतो. याला वाहिन्यांचं सामान्यीकरण म्हणतात.

माणसातला पुरावा २००४ सालचा. गुदाशयाच्या कर्करोगाच्या ६ रुग्णांना ५ मिग्रॅ/किलो बेव्हासिझुमॅबची एकच ड्रिप दिली आणि १२ दिवसांनी गाठ तपासली. वाहिन्यांची संख्या कमी झाली होती, गाठीतला दाबही उतरला होता. उरलेल्या वाहिन्यांवर पेरिसाइटचं आवरण आधीपेक्षा जास्त होतं.

मात्र ही सुधारणा टिकत नाही. त्याच वर्षी उंदरांच्या मेंदूतल्या गाठीवर एक प्रयोग झाला. व्हीईजीएफचा ग्राहक (पेशीवरची ते पकडणारी जागा) अडवणारं प्रतिद्रव्य दिल्यावर प्राणवायू वाढण्याचा काळ मोजका निघाला, आणि त्या काळात, म्हणजे उपचार सुरू झाल्यावर चौथ्या ते सहाव्या दिवसांत किरणोत्सर्ग दिला तेव्हा फायदा सर्वांत जास्त झाला. यालाच सामान्यीकरणाची खिडकी म्हणतात. या काळात अँजिओपोएटिन-१ हे प्रथिन वाढतं आणि पेरिसाइट ओढून आणतं. वाहिनीभोवतीचा अवाजवी जाड पायापडदाही (अस्तराच्या पेशींखालचा पातळ थर) पातळ होतो. खिडकी उलटली की एक तर वाहिन्या जास्तच छाटल्या जातात, नाहीतर गाठ व्हीईजीएफ सोडून दुसऱ्या मार्गानं नव्या वाहिन्या काढते.

म्हणून मात्रा वाढवली की फायदा वाढेल, हे गणित इथे लागू पडत नाही. जास्त मात्रेनं खिडकी लवकर बंद होते.

दख्खनी

मांडणी सुंदर आहे, पण ती सिद्ध झालेला नियम असल्यासारखी सांगू नये असं मला ठामपणे वाटतं. उलट बाजूचा पुरावाही तितकाच थेट आहे.

२०१२ साली नेदरलँड्समध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर एक अभ्यास झाला. डोसिटॅक्सेल या केमोच्या औषधाला किरणोत्सारी कार्बन जोडला आणि पेट स्कॅनवर ते गाठीत किती शिरतं हे प्रत्यक्ष मोजलं. बेव्हासिझुमॅब दिल्यावर ५ तासांतच गाठीतला रक्तप्रवाह आणि औषधाचा शिरकाव दोन्ही घटले, आणि चौथ्या दिवशीही घटलेलेच होते. म्हणजे औषध जास्त पोचायला हवं होतं तिथे कमी पोचलं. मात्रा १५ मिग्रॅ/किलो होती, हे इथे महत्त्वाचं.

मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमाचं बघा. २०१४ साली छापल्या गेलेल्या अव्हाग्लिओ चाचणीत किरणोत्सर्ग आणि टेमोझोलोमाइड या केमोला बेव्हासिझुमॅबची जोड दिली. आजार न वाढता गेलेला काळ ६.२ वरून १०.६ महिने झाला, पण आयुर्मान १६.७ आणि १६.८ महिने, म्हणजे जिथल्या तिथे. स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी अमेरिकेनं २००८ मध्ये दिलेली मंजुरी २०११ मध्ये काढून घेतली, कारण आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही.

सामान्यीकरण होत असेल, होतंच. ते प्रत्येक रुग्णात, प्रत्येक गाठीत आणि नेहमीच्या मात्रेत होतं, हा दावा मात्र टिकत नाही.

कृष्णाकाठ

दख्खनी, तुमचे दाखले बरोबर आहेत, आणि ते निळा_शंख यांच्या मांडणीला छेद देतात असं मला वाटत नाही. दोन गोष्टी जोडून बघा.

एक, सुरुवातीला वाहिन्या कशा आहेत. जिथे वाहिन्या भरपूर पण गळक्या आहेत, तिथे थोडी छाटणी केली तरी उरलेल्यांतून प्रवाह सुधारू शकतो. जिथे मुळातच वाहिन्या मोजक्या आहेत, तिथे छाटणी म्हणजे तोटाच. ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांत सेडिरानिब हे व्हीईजीएफच्या ग्राहकांना अडवणारं तोंडी औषध दिल्यावर एमआरआयनं प्रवाह मोजला, तेव्हा काही रुग्णांत तो वाढला आणि बऱ्याच जणांत वाढला नाही. ज्यांच्यात वाढला ते जास्त जगले. औषध तेच आणि आजार तोच, तरी उत्तर दोन तऱ्हेचं.

दोन, औषधाचा अर्धायुष्यकाळ. बेव्हासिझुमॅब रक्तातून निम्मं व्हायला साधारण २० दिवस लागतात. दर दोन किंवा तीन आठवड्यांनी डोस दिला की रक्तातली पातळी कायम चढीच राहते. खिडकी येते आणि निघून जाते, आपण मात्र पुढचा डोस ठरल्या तारखेला देत राहतो. इटलीत ओबेलिक्स नावाची चाचणी याच मुद्द्यावर झाली: बेव्हासिझुमॅब केमोसोबत देण्याऐवजी ४ दिवस आधी द्यायचं. गाठ आकसण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. रुग्णागणिक वेगवेगळी असणारी खिडकी सगळ्यांसाठी एकाच दिवशी उघडी असल्याचं गृहीत धरलं तर असंच होणार.

आणि एक गोष्ट राहूनच जाते. दाब उतरण्याचा फायदा सगळ्या औषधांना सारखा नसतो. फाइव्ह-एफयू (१३० डाल्टन, हे रेणूच्या वजनाचं एकक), जेमसिटाबिन (२६३) किंवा सिस्प्लॅटिन (३००) हे छोटे रेणू मुख्यतः विसरणानं, म्हणजे दाट भागाकडून विरळ भागाकडे आपोआप सरकत पसरतात, त्यांना दाबापेक्षा रक्तप्रवाह आणि अंतर महत्त्वाचं. सुमारे दीड लाख डाल्टनचं प्रतिद्रव्य असेल तर ते द्रवाच्या वाहण्यावर अवलंबून असतं, दाबामुळे सर्वांत जास्त अडतं तेच. म्हणून 'केमो पोचते का' असं सरसकट विचारू नये, औषधाचं नाव घेऊन विचारावं.

फार्मसीवाला

तात्त्विक चर्चा चालू द्या, मी डे-केअरच्या टेबलावरचं सांगतो. चुका होतात त्या बहुतेक इथेच.

बेव्हासिझुमॅबची कुपी १०० मिग्रॅ (४ मिली) आणि ४०० मिग्रॅ (१६ मिली) अशी येते, म्हणजे २५ मिग्रॅ/मिली. ६० किलोच्या रुग्णाला ५ मिग्रॅ/किलोनं ३०० मिग्रॅ, म्हणजे १२ मिली लागतं. एकूण १०० मिली होईल अशा बेतानं ते ०.९ टक्के नॉर्मल सलाईनमध्ये मिसळायचं. डेक्स्ट्रोजमध्ये अजिबात नाही आणि डेक्स्ट्रोजच्या लाइनमधूनही नाही. हा नियम फोल्फॉक्सच्या (ऑक्झॅलिप्लॅटिन असलेल्या केमोच्या) दिवशी मोडतो: ऑक्झॅलिप्लॅटिन डेक्स्ट्रोजमध्येच चालतं, सलाईनमध्ये नाही, आणि दोन्ही औषधं त्याच खुर्चीवर, त्याच लाइनमधून जाणार असतात. दोन पिशव्यांच्या मध्ये लाइन नीट धुवायला हवी, आणि कोणत्या द्रवानं हे चार्टवर लिहिलेलं हवं.

कुपी हलवायची नाही. हे प्रथिन आहे, फेस आला की बिघडतं. कुपी ठेवायची २ ते ८ अंशांवर, गोठवायची नाही. घरी न्यायची वेळ आली तर बर्फाला थेट चिकटवू नका, मध्ये जाड कापड किंवा पुठ्ठा ठेवा. बर्फाला टेकून गोठलेली कुपी बाहेरून अगदी ठीक दिसते.

पहिली ड्रिप ९० मिनिटांत, त्रास झाला नाही तर दुसरी ६० आणि तिसरी ३० मिनिटांत. एकदम ढकलून द्यायचं नाही.

प्रत्येक वेळी आधी दोन गोष्टी: बीपी आणि लघवीची पट्टी. पट्टीवर प्रथिन २+ किंवा जास्त दिसलं तर २४ तासांची लघवी गोळा करायला सांगतात. त्यात २ ग्रॅम किंवा जास्त प्रथिन निघालं तर डोस थांबवतात आणि ते उतरल्यावरच पुढे जातात. बीपी वाढणं फार सामान्य आहे आणि गोळ्यांनी आटोक्यात येतं. आटोक्यात न येणाऱ्या बीपीवर पुढचा डोस देणं धोक्याचं. रुग्णानं घरी रोज एकाच वेळी बीपी मोजून वही आणली तर डॉक्टरांचं काम निम्मं सोपं होतं.

आणि जखम. नव्या वाहिन्या अडवल्या की जखमही भरत नाही. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किमान २८ दिवस आणि जखम पूर्ण भरेपर्यंत हे औषध सुरू करत नाहीत. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेच्या आधीही किमान २८ दिवस बंद ठेवतात.

शेवंती

स्वादुपिंडाच्या कर्करोगात मात्र बेव्हासिझुमॅबचा उपयोग झाला नाही असं वाचलं. तिथे गळतीपेक्षा दुसरंच काही आहे का?

निळा_शंख

हो शेवंती, तिथला बिघाडच वेगळा आहे. स्वादुपिंडाच्या गाठीत कर्कपेशी कमी आणि भोवतीचा तंतुमय गर जास्त असतो: कोलॅजन, हायलुरोनिक आम्ल, आणि ते तयार करणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी. हे सगळं दाटीवाटीनं वाढतं आणि वाहिन्यांना बाहेरून दाबतं. वाहिनी असते, पण चपटी, आतून रक्त जात नाही. हा द्रवाचा दाब नव्हे, घन पदार्थाचा दाब. दोन्हींत गल्लत झाली की उपायही चुकतो. चपट्या वाहिनीची गळती दुरुस्त करून काय मिळणार? आधी ती उघडायला हवी.

दाबणारं काढलं की वाहिन्या उघडतात, हे २००४ साली उंदरांत दाखवलं गेलं: वाहिन्यांभोवतीच्या कर्कपेशी मारल्या आणि बुजलेल्या वाहिन्या खुल्या झाल्या. माणसात याच्याशी जुळणारं एक निरीक्षण स्तनाच्या कर्करोगाचं आहे. शस्त्रक्रियेआधी पॅक्लिटॅक्सेल दिलेल्या स्त्रियांत गाठीतला दाब उतरला आणि प्राणवायू वाढला, डॉक्सोरुबिसिन आधी दिलेल्यांत तसं झालं नाही. म्हणजे कोणतं औषध आधी द्यायचं, यानं पुढच्या औषधाची वाट बदलू शकते. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, आणि त्याच्याकडे लक्ष फार कमी जातं.

स्वादुपिंडात लोसार्टन पुढे आलं. तीच बीपीची जुनी, स्वस्त गोळी. अँजिओटेन्सिन हे बीपी वाढवणारं संप्रेरक अडवल्यानं फायब्रोब्लास्ट शांत होतात, कोलॅजन आणि हायलुरोनिक आम्ल कमी तयार होतं, वाहिन्यांवरचा दाब सुटतो. बोस्टनमध्ये ४९ रुग्णांना फोल्फिरिनॉक्ससोबत (अनेक औषधांची मिळून केमो) लोसार्टन आणि पुढे केमो-रेडिएशन दिलं. हे रुग्ण सुरुवातीला शस्त्रक्रियेच्या पलीकडचे होते, त्यांतल्या ३० जणांची गाठ कडा स्वच्छ ठेवून काढता आली. निकाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे श्रेय लोसार्टनचं किती आणि फोल्फिरिनॉक्सचं किती, हे त्या आकड्यातून वेगळं काढता येत नाही.

दख्खनी

आणि याच वाटेवर दोन मोठी अपयशं आहेत, ती सांगितल्याशिवाय हा भाग पुरा होत नाही. हायलुरोनिक आम्ल विरघळवणारं विकर, पेगपीएच-२०, उंदरांत बुजलेल्या वाहिन्या झटक्यात उघडत होतं. तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत मध्यक आयुर्मान ११.२ महिने, आणि त्याच्याविना ११.५. त्याआधी हेजहॉग हा संदेशमार्ग अडवून गर काढायचा प्रयत्न झाला, तोही माणसात फसला. पुढे उंदरांत असं दिसलं की गर पार नाहीसा केला तर गाठ जास्त आक्रमक होते. गर काही अंशी गाठीला आवरूनही धरतो. म्हणजे इथेही तोच धडा: उखडून टाकू नका, सैल करा.

फार्मसीवाला

लोसार्टनबद्दल कळकळीचं सांगणं: हे वाचून कुणी आपल्या मनानं गोळी सुरू करू नये. फोल्फिरिनॉक्सवर उलट्या-जुलाब होतात, अंगातलं पाणी उतरतं, बीपी आधीच खाली असतं. त्यात लोसार्टन पडलं तर चक्कर येऊन पडणं, क्रिएटिनिन वाढणं, पोटॅशियम चढणं हे सगळं होऊ शकतं. ज्यांना बीपीसाठी ते आधीपासून चालू आहे त्यांनीही जुलाब लागले की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळी घ्यायची का, हे विचारावं.

अबोली

धागा फार मोलाचा होतोय. औषध वाहून नेणाऱ्या नॅनोकणांबद्दल कुणी लिहाल का? गळक्या भिंतीतून ते आपोआप गाठीत साचतात, असं नेहमी सांगतात.

कृष्णाकाठ

ती कल्पना १९८६ साली जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी मांडली. भिंतीला मोठी भोकं आहेत आणि लसिकेचा निचरा नाही, तेव्हा मोठे कण आत शिरतील आणि अडकून राहतील. तत्त्व खरं आहे, प्रमाण मात्र निराशाजनक. २०१६ साली दहा वर्षांतले प्रयोग एकत्र करून पाहिलं तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी मध्यक ०.७ टक्के एवढाच भाग गाठीत पोचत होता. बाकीचं मुख्यतः यकृत आणि प्लीहेत.

इथे वाहिन्यांच्या तब्येतीचा एक नाजूक पेच आहे. उंदरांत सामान्यीकरण केल्यावर १२ नॅनोमीटरचे कण गाठीत जास्त शिरले, पण १२५ नॅनोमीटरच्या कणांना फायदा झाला नाही, कारण भिंतीची भोकं लहान झाली. लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनचा कण १०० नॅनोमीटरच्या आसपास असतो. नॅब-पॅक्लिटॅक्सेलचा कण कुपीत १३० नॅनोमीटरचा, पण रक्तात गेल्यावर लगेच विरघळतो आणि अल्ब्युमिनला बांधलेले १० नॅनोमीटरच्या आसपासचे तुकडे उरतात. दोघांना 'नॅनो' म्हणून एकाच रांगेत बसवलं तर हा फरक लक्षात येत नाही.

शेवंती

गाठीतला दाब प्रत्यक्ष मोजतात कसा? आणि रुग्णाच्या स्कॅनवर वाहिन्या सुधारल्या हे दिसतं का?

निळा_शंख

दाब मोजायला बारीक सुई वापरतात, २३ गेजच्या आसपास. टोकापासून दोन-तीन मिलीमीटर मागे बाजूला एक भोक असतं आणि आत नायलॉनचे धागे वातीसारखे भरलेले. धागे यासाठी की ऊतीचा तुकडा भोकात अडकून सुई बुजू नये. सुई आणि नळी हेपरिनच्या सलाईननं भरून दाबमापकाला जोडतात. गाठीच्या पातळीवर शून्य लावायचं, सुई घालायची, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. मग नळी किंचित दाबून सोडायची: आकडा वर जाऊन पुन्हा जवळपास मूळ जागी आला तरच वाचन खरं धरायचं. नाही आला तर सुई बुजली आहे किंवा भोक मोकळ्या पोकळीत आहे. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की आकडा सुस्तावतो, सर्वांत जास्त वाचनं तिथेच वाया जातात. टोरांटोमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगात असं मोजलं तेव्हा ज्यांच्या गाठीत दाब जास्त होता त्यांचा आजार परतण्याचं प्रमाण जास्त निघालं. तरी ही पद्धत संशोधनातच राहिली, कारण सुई पोचेल अशीच गाठ लागते.

स्कॅनमध्ये गॅडोलिनियम टोचून भराभर प्रतिमा घेणारा एमआरआय वापरतात. औषध ०.१ मिलीमोल/किलो, पंपानं एकदम, आणि टोचण्याआधी काही प्रतिमा घेतलेल्या असायलाच हव्यात, नाहीतर पुढचं गणित चालत नाही. त्यातून के-ट्रान्स हा आकडा, म्हणजे टोचलेलं द्रव्य वाहिनीतून ऊतीत किती वेगानं जातं ते, निघतो. अडचण अशी की तो प्रवाह आणि गळती दोन्हींवर अवलंबून असतो. बेव्हासिझुमॅबनंतर तो खाली आला, तर गळती थांबली म्हणून की रक्तच येईना म्हणून? त्या एका आकड्यावरून कळत नाही, प्रवाह वेगळा मोजावा लागतो.

रुग्णाच्या दृष्टीनं याहून महत्त्वाचं मेंदूच्या गाठीत. तिथे स्कॅनवर चमकणारा भाग म्हणजे गळती. बेव्हासिझुमॅब दिल्यावर एक-दोन दिवसांतही चमक फिकी पडू शकते, सूज उतरते, रुग्णाला बरं वाटतं, स्टेरॉइड कमी करता येतं. हा फायदा खराच आहे. पण चमक गेली म्हणजे गाठ गेली असं नाही. म्हणून २०१० पासूनच्या निकषांत न चमकणारा भाग, म्हणजे टी-टू आणि फ्लेअर प्रतिमाही बघायला सांगितलं आहे. रिपोर्टमध्ये फक्त 'एन्हान्समेंट कमी' एवढंच असेल तर फ्लेअरबद्दल जरूर विचारा.

दख्खनी

आपल्याकडचा एक संदर्भ यात यायलाच हवा. २००० साली फोकमन यांच्या गटानं आणि टोरांटोच्या गटानं उंदरांत दाखवलं की केमो मोठ्या मात्रेत तीन आठवड्यांनी देण्याऐवजी छोट्या मात्रेत सतत दिली तर तिचा मारा गाठीच्या वाहिन्यांच्या अस्तरावर होतो. मोठ्या मात्रेनंतरच्या सुट्टीत अस्तराच्या पेशी सावरतात, छोट्या अखंड मात्रेत त्यांना सवड मिळत नाही. याला मेट्रोनॉमिक केमो म्हणतात.

मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलनं हे तोंड आणि घशाच्या परतलेल्या कर्करोगात तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत तपासलं. ४२२ रुग्ण. एका गटाला आठवड्यातून एकदा तोंडी मेथोट्रेक्सेट १५ मिग्रॅ/चौ.मी. आणि रोज दोनदा सेलेकॉक्सिब २०० मिग्रॅ, दुसऱ्याला तीन आठवड्यांनी शिरेतून सिस्प्लॅटिन ७५ मिग्रॅ/चौ.मी. मध्यक आयुर्मान ७.५ विरुद्ध ६.१ महिने, आणि तीव्र दुष्परिणाम गोळ्यांच्या गटात कमी. २०२० सालचा निकाल. खर्चाचा फरक तर सांगायलाच नको, आणि दर वेळी गावाहून परळला भरतीसाठी यायची गरजही नाही.

वाहिन्यांवरचा परिणाम हे या यशाचं एकच कारण आहे असा माझा दावा नाही, प्रतिकारशक्तीचाही भाग असू शकतो. एक जपायला हवं: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा आहे. रोज घेतलं गेलं तर तोंड सोलतं, रक्तपेशी कोसळतात, जीवही जातो. वार ठरवून पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून द्यायला हवा.

अबोली

प्रतिकारशक्तीचा उल्लेख आलाय म्हणून: यकृताच्या कर्करोगात अटेझोलिझुमॅब (प्रतिकारशक्तीला मोकळं करणारं औषध) आणि बेव्हासिझुमॅब (१५ मिग्रॅ/किलो, दर ३ आठवड्यांनी) ही जोडी २०२० मध्ये चालली, त्यात केमो नव्हतीच. तिथेही वाहिन्यांचाच मुद्दा का?

कृष्णाकाठ

काही अंशी. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींनाही गाठीत वाहिनीतूनच उतरावं लागतं. व्हीईजीएफ अस्तरावरचे चिकटबिंदू कमी करतं, त्यामुळे टी-पेशी भिंतीला पकडू शकत नाहीत आणि रक्ताबरोबर पुढे वाहून जातात. शिवाय व्हीईजीएफ प्रतिकारपेशींना थेटही दाबतं. या जोडीत १२ महिन्यांनी जगलेले ६७.२ टक्के होते, तुलनेच्या गटात सोराफेनिब या गोळीवर ५४.६ टक्के. पण यकृताच्या रुग्णांत अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्तस्राव होण्याची भीती असते, म्हणून ही जोडी सुरू करण्याआधी दुर्बिणीनं त्या तपासून गरज असेल तर बांधून घेतात.

शेवंती

शेवटचं. नातेवाइकांनी डॉक्टरांना नेमकं काय विचारावं?

फार्मसीवाला

बेव्हासिझुमॅब सुचवलं असेल तर: याच आजारात यानं आयुष्य वाढल्याचा पुरावा आहे, की फक्त स्कॅन सुधारल्याचा? मात्रा ५, ७.५, १० की १५ मिग्रॅ/किलो, आणि तीच का? फुप्फुसाचा कर्करोग असेल तर तो स्क्वॅमस प्रकारचा तर नाही ना, कारण त्यात खोकल्यातून जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. अलीकडे कोणती शस्त्रक्रिया, पोर्ट बसवणं किंवा रक्ताची गुठळी झालीय का, हे त्यांनी न विचारताही सांगा. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही.

घरी लक्ष ठेवायचं ते असं: अचानक पोटात तीव्र कळ आणि पोट कडक होणं म्हणजे आतड्याला भोक पडल्याची शक्यता, इथे सकाळची वाट बघायची नाही. एका पायाला सूज, छातीत दुखणं, एकाएकी दम लागणं, बोलणं अडखळणं, तेव्हाही थेट इमर्जन्सी. नाकातून थोडं रक्त येणं मात्र नेहमीचं आहे, दहा-पंधरा मिनिटं नाक दाबून धरून, किंचित पुढे वाकून बसलं की बहुतेक वेळा थांबतं.

आणि दात. किडलेला दात काढायचा असेल तर औषध सुरू व्हायच्या आधी काढून घ्या आणि हिरडी भरू द्या. मध्येच काढायची वेळ आली तर दंतवैद्याला बेव्हासिझुमॅबचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख कागदावर लिहून द्या, विशेषतः हाडांसाठी झोलेड्रॉनिक आम्ल चालू असेल तर.